खुराक, डबा आणि गोळी

मंडळी, आजचा विषय जिमचा आहे. जिमला जावं की नाही हा नव्हे (तो प्रश्न दर १ जानेवारीला सुटतो आणि २० जानेवारीपर्यंत परत उभा राहतो), तर जिमच्या काउंटरवर रचून ठेवलेल्या त्या मोठाल्या काळ्या डब्यांचा. आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादेत, सिडकोत जा नाहीतर गारखेड्यात, जिम तिथे डबा हे आता ठरलेलंच. ऑफिसातही प्रत्येक टीममध्ये एखादा तरी शेकरवाला असतोच. महिन्याला दोन-तीन हजार रुपये सहज जातात. व्हे प्रोटीन, क्रिएटिन, बीसीएए, प्री-वर्कआउट... नावं अशी की एखाद्या सॉफ्टवेअर लायब्ररीची वाटावीत.

प्रश्न अगदी साधा आहे. या सगळ्याने ताकद खरंच वाढते का? आणि व्यायामाने दुखावलेले स्नायू लवकर सावरतात का?

याचं उत्तर दोन ओळींत देता येईल, पण त्यात मजा नाही. कारण हा प्रश्न आपल्या पिढीचा नाहीच. निदान पावणेदोनशे वर्षं लोक यावर भांडताहेत, आणि त्या भांडणात सातारा जिल्ह्यातली दोन माणसं फार महत्त्वाच्या जागी उभी आहेत. एक पैलवान आणि एक सांख्यिकीतज्ज्ञ. म्हणून आजचा वीकेंड इतिहासाला.

सुरुवात आपल्याच शहरापासून करू. महाराष्ट्र राज्य जेमतेम वर्षाचं होतं तेव्हा, १९६१ साली, राज्य कुस्तीगीर परिषदेचं अधिवेशन औरंगाबादेत भरलं आणि 'महाराष्ट्र केसरी' हा किताब पहिल्यांदा इथेच दिला गेला. मानकरी होते दिनकर दह्यारी. कोल्हापूर, पुणे, सांगली यांची कुस्तीची मिरास सगळ्यांना ठाऊक असते, पण किताबाच्या यादीतलं पहिलं गाव आपलं आहे हे इथल्याही बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आता विचार करा, त्या काळातला पैलवान काय खात होता? डबा तर नव्हता. त्याच्याकडे होता 'खुराक'.

खुराक म्हणजे नुसतं जेवण नव्हे. तालमीत राहणाऱ्या पोराचं रोजचं साधं जेवण वेगळं आणि खुराक वेगळा. बदाम रात्री भिजत घालायचे, सकाळी सोलायचे, खसखस, मगज, बडीशेप, मिरी यांच्याबरोबर कुंडीत घोटायचे आणि दुधात कालवून प्यायचे. ही थंडाई. (शिवरात्रीची भांगवाली नव्हे!) शिवाय म्हशीचं दूध, तूप, लोणी, आणि कोल्हापूरकडे मटण आणि त्याचं अळणी. घोटायचं काम पैलवानच करायचे, त्यामुळे मनगटालाही व्यायाम.

हा खर्च शेतकऱ्याच्या पोराला झेपणारा नव्हताच. राजर्षी शाहू महाराजांनी (कारकीर्द १८९४ ते १९२२) कोल्हापुरात तालमींना आणि मल्लांना आश्रय दिला, १९१२ साली खासबागचं मैदान उभं केलं. राजाश्रय म्हणजे नेमकं काय, तर मुख्यतः खुराकाची सोय. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झालं आणि तो आधार गेला. पुढे काही साखर कारखान्यांनी मानधनावर मल्ल ठेवले, गावच्या जत्रांच्या इनामांवर काही जगले. पण खुराकाचं बिल कोण भरणार, हा महाराष्ट्रातल्या कुस्तीचा कायमचा प्रश्न राहिला.

जरा आकडेमोड करू (सवय, दुसरं काय). उदाहरणापुरता असा खुराक धरा: दोन लिटर म्हशीचं दूध, १०० ग्रॅम बदाम, १०० ग्रॅम तूप. यात प्रोटीन साधारण ९५ ग्रॅम भरतं. आणि कॅलरी? साडेतीन हजारांच्या आसपास. म्हणजे प्रोटीनमधून आलेली ऊर्जा एकूण ऊर्जेच्या जेमतेम दहा-अकरा टक्के. बाकी सगळं तूप, साय आणि दुधातली साखर. थोडक्यात, खुराक हा प्रोटीनचा डोस नव्हता, तो इंधनाचा टँकर होता. हजार-हजार जोर-बैठका मारणाऱ्या, हौद्यातली माती खणणाऱ्या माणसाला आधी तेच लागतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

वस्तादांना हे अनुभवाने कळलं होतं. युरोपातल्या शास्त्रज्ञांना मात्र त्यासाठी डोंगर चढावा लागला. अगदी शब्दशः!

झालं असं. १८४२ मध्ये युस्टुस फॉन लीबिग या बड्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मांडलं की स्नायू काम करतात ते स्वतःतलं प्रोटीन जाळून. म्हणजे श्रम जितके जास्त तितकं मांस जास्त खाल्लं पाहिजे. लीबिग म्हणजे त्या काळचा दादा माणूस, त्याचं कोण खोडणार? १८६५ मध्ये आडोल्फ फिक आणि योहानेस विस्लिट्सेनुस हे झुरिकचे दोन प्राध्यापक स्वित्झर्लंडमधल्या फाउलहॉर्न नावाच्या डोंगरावर चढले. जवळजवळ २००० मीटरची चढण. त्याआधी आणि चढताना त्यांनी प्रोटीन नसलेलंच खाणं खाल्लं, म्हणजे पिठूळ स्टार्चच्या तळलेल्या टिकिया आणि साखरेचा चहा वगैरे. आणि लघवी गोळा करून तिच्यातला नायट्रोजन मोजला, कारण शरीरात प्रोटीन जळलं की त्याचा हिशोब तिथे उतरतो. उत्तर असं आलं की जळलेल्या प्रोटीनमधून तेवढी चढण होणं शक्यच नव्हतं. इंधन दुसरंच होतं, पिष्ट आणि चरबी.

माझ्या मते व्यायामशास्त्रातला हा सगळ्यात सुंदर प्रयोगांपैकी एक. दोन माणसं, एक डोंगर आणि काही बाटल्या! पण गंमत पुढे आहे. त्याच १८६५ साली लीबिगच्या नावाची मांसाच्या अर्काची कंपनी लंडनमध्ये सुरू झाली. मांस उकळून, आटवून केलेला दाट काळा अर्क बरणीत भरून ताकदीच्या नावाने जगभर विकला गेला. सिद्धांत डळमळला, बरणी मात्र धावत सुटली. सप्लिमेंटच्या इतिहासात हे परत परत होताना दिसतं.

पुढचा टप्पा सँडोचा. हो, सँडो बनियनवाला! आपण ज्याच्या नावाने अजून बनियन घेतो तो युजेन सँडो हा शरीरसौष्ठवाचा पहिला जागतिक स्टार. १९०४-०५ च्या सुमारास तो भारताचाही दौरा करून गेला. त्याने 'प्लॅस्मॉन' नावाच्या पावडरीची भलामण केली होती. प्लॅस्मॉन म्हणजे साय काढलेल्या दुधातलं प्रोटीन वाळवून केलेली भुकटी. आजच्या डब्याचे आजोबाच म्हणा ना. (लेखक मार्क ट्वेनने या धंद्यात पैसे गुंतवले आणि घालवले.) नंतर सँडोने स्वतःच्या नावाचा 'ताकदीचा कोको'ही काढला, तो काही चालला नाही. पण फॉर्म्युला ठरून गेला: आधी कमावलेलं शरीर दाखवायचं, मग शेजारी डबा ठेवायचा. शरीर डब्याने झालं असं स्पष्ट म्हणायची गरजच नाही, बघणारा आपोआप जोडून घेतो.

आता १९५२ मध्ये येऊ. या एका वर्षात आपल्या गोष्टीची दोन टोकं आहेत.

एक टोक हेलसिंकीत. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले होते. तोवर मातीत खेळलेला हा माणूस. मॅटची ओळख आणि आंतरराष्ट्रीय नियमांचे धडे त्यांना रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाकडून त्या वेळी मिळाले. १९५२ ला जाण्यासाठी पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले, गावोगावी वर्गणी झाली. बँटमवेट गटात खाशाबांनी ब्राँझ पदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

त्या स्पर्धेतली एक हकीकत नेहमी सांगितली जाते. जपानच्या शोहाची इशीशी पंधरा मिनिटांहून जास्त झुंजल्यावर खाशाबांना लगेच सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोव्हशी खेळायला बोलावलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता, पण तो बोलून दाखवायला भारताचा एकही अधिकारी जागेवर नव्हता. थकलेले खाशाबा उतरले आणि हरले. आपण इथे मसल रिकव्हरीच्या गप्पा मारतोय ना? भारतीय खेळाच्या इतिहासातलं रिकव्हरीचं सगळ्यात बोलकं उदाहरण हे आहे. त्या क्षणी कुठलीही पावडर उपयोगाची नव्हती. तीस मिनिटं बसायला मिळणं आणि त्यासाठी भांडणारा एक माणूस, एवढंच हवं होतं.

दुसरं टोक अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियातलं यॉर्क हे गाव. तिथे बॉब हॉफमन नावाचा बारबेल बनवणारा उद्योगपती, अमेरिकन वेटलिफ्टिंगचा गॉडफादर, स्वतःचं मासिक चालवणारा. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने सोयाबीनच्या पिठाची 'हाय-प्रोटीन' ही पावडर बाजारात आणली. मासिकात फोटो त्याच्या चॅम्पियन लिफ्टरांचे, शेजारी पावडरीची जाहिरात. सँडोचाच फॉर्म्युला.

आणि मग आली गोळी. १९५८ मध्ये सिबा या औषध कंपनीने मेथँडिएनोन हे स्टेरॉइड 'डायनाबॉल' नावाने अमेरिकेत आणलं. जॉन झीग्लर नावाच्या डॉक्टरने ते यॉर्कच्या काही लिफ्टरांना द्यायला सुरुवात केली. त्यांचे आकडे वाढू लागले. मासिकाने त्याचं श्रेय कशाला दिलं? नव्या व्यायामपद्धतीला आणि पावडरीला. गोळीचं नाव बरीच वर्षं बाहेर आलं नाही. दूर कुठेतरी एखादा पोरगा मासिक वाचून पावडर विकत घ्यायचा, आणि आपली छाती तशी का होत नाही म्हणून स्वतःलाच दोष द्यायचा. आज इन्स्टाग्रामवर जे चालतं त्यात मूळ बदल फार थोडा आहे.

मेथँडिएनोन हे नाव लक्षात ठेवा. ते महाराष्ट्रात परत येणार आहे.

आता साताऱ्याचा दुसरा माणूस. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, गाव बुध. नमुना पाहणीच्या शास्त्रातलं मोठं नाव. लंडनला डॉक्टरेट, मग रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचे प्रमुख म्हणून १९७० च्या आसपासपर्यंत काम, नंतर पुणे. १९७१ मध्ये पद्मभूषण.

साठच्या दशकात जगभर एक हाकाटी चालू होती: गरीब देशांत 'प्रोटीन गॅप' आहे. १९६८ मध्ये तर संयुक्त राष्ट्रांनी 'येऊ घातलेल्या प्रोटीन संकटा'वर अहवालच काढला. उपाय म्हणून माशांची भुकटी, तेलबियांच्या पेंडीचं पीठ, शेवाळ, पेट्रोलियमवर वाढवलेलं यीस्ट, काय वाटेल ते. म्हणजे संपूर्ण तिसऱ्या जगासाठी एक मोठा डबा!

सुखात्म्यांनी काय केलं, तर डेटा नीट पाहिला. सरासरीशी सरासरी न ताडता त्यांनी विचारलं, की प्रोटीन कमी पडतं ते कोणाला? आणि दिसलं असं की ज्या घरांत पोटभर अन्न आहे, कॅलरी पुरेशा आहेत, तिथे डाळ-भाकरीतूनच प्रोटीन बहुतेक पुरेसं मिळतं. ज्यांना प्रोटीन कमी पडतं ते बहुतांशी तेच, ज्यांना अन्नच कमी पडतं. आणि पोट अर्धं असताना प्रोटीन दिलं तर शरीर ते बांधकामाला न वापरता इंधन म्हणून जाळतं. चुलीत सागवान घालण्यासारखंच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत सी. गोपालन आपल्या अभ्यासातून अशाच निष्कर्षाला आले होते. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लारेन यांनी 'लॅन्सेट'मध्ये या सगळ्या प्रकरणाला सरळ 'प्रोटीनचा महाघोटाळा' अशा अर्थाचं नाव दिलं.

सुखात्म्यांचं सगळंच निर्विवाद होतं असं नाही. शरीर कमी अन्नाशी जुळवून घेतं, या त्यांच्या नंतरच्या मांडणीवर खुद्द गोपालन यांनीच कडाडून टीका केली, की यामुळे कुपोषणाचा आकडा कागदावर छोटा दिसतो. तो वाद खरा आणि गंभीर होता. शिवाय सुखात्म्यांचा प्रश्न गरिबाच्या ताटाचा होता, बेंचप्रेसचा नव्हता. पण त्यांची पद्धत आपण उचलू शकतो: आधी बघा, नेमकं कमी काय पडतंय.

कारण व्यायाम करणाऱ्याला प्रोटीन जास्त लागतं हे मात्र आज पक्कं आहे. आयसीएमआर-एनआयएनच्या २०२० च्या शिफारशीनुसार सामान्य माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम. वजनं उचलणाऱ्याला फायदा मिळत राहतो तो साधारण १.६ ग्रॅमपर्यंत, पुढे रेषा जवळजवळ आडवी होते. हा आकडा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणातला, ज्यात ४९ प्रयोग आणि १८६३ माणसं होती. त्याच विश्लेषणातले हे आकडे बघा. काही आठवडे नियमित वजनं उचलून लोकांची एका दमात उचलायची ताकद सरासरी २७ किलोंनी वाढली. प्रोटीन सप्लिमेंट घेणाऱ्यांना त्यावर जास्तीचे मिळाले सुमारे अडीच किलो. स्नायूंचं (चरबी सोडून उरलेलं) वजन व्यायामाने १.१ किलो वाढलं, सप्लिमेंटचे वरचे ०.३.

म्हणजे डबा खोटा नाही. पण आपल्या भाषेत सांगायचं तर प्रोफाइलर लावून पाहिलं की ९१ टक्के वेळ एका फंक्शनमध्ये जातोय आणि आपण उरलेल्या ९ टक्क्यांच्या फंक्शनला ऑप्टिमाइझ करायला पगार घालवतोय. जीन ॲमडालने १९६७ मध्ये संगणकांबद्दल जे सांगितलं ते दंडाच्या बेटकुळीलाही लागू पडतं :)

आणि प्रोटीन डब्यातूनच आलं पाहिजे असंही कुठे नाही. ७० किलोच्या माणसाला १.६ च्या हिशोबाने दिवसाला ११२ ग्रॅम. एका अंड्यात ६, लिटरभर गाईच्या दुधात ३२, १०० ग्रॅम शेंगदाण्यांत २५, आणि ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत तब्बल २५ ग्रॅम. मराठवाडा तर सोयाबीनचाच मुलूख! तेल काढून उरलेली पेंड जनावरांच्या खाद्यात जाते आणि आपण परदेशी चीज कारखान्यात उरलेल्या पाण्याची भुकटी घेतो. (व्हे म्हणजे तेच. घरी पनीर केल्यावर जे पाणी उरतं ना, त्याचाच भाऊ. तिकडे ते पूर्वी नदीनाल्यात सोडायचे किंवा डुकरांना घालायचे.) शाकाहारी माणसाला, धावपळीत, एक स्कूप सोयीचा पडतो हे कबूल. पण मग ती सोय आहे, जादू नाही.

बाकीच्या नावांचं काय? आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञगटाने २०१८ मध्ये शेकडो उत्पादनांतून कामगिरी थेट सुधारणारी म्हणून फक्त मूठभर नावं निवडली: कॅफीन, क्रिएटिन, नायट्रेट (म्हणजे बिटाचा रस), बीटा-ॲलनिन आणि चक्क खायचा सोडा. तेही ठराविक प्रकारच्या श्रमांत, ठराविक मात्रेत.

यातल्या क्रिएटिनची कथा सांगितलीच पाहिजे. १८३२ मध्ये शेव्रल या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते मांसात शोधलं. १८४७ मध्ये आपल्या त्याच लीबिगने नोंदवलं, की शिकारीत पळून पळून मेलेल्या कोल्ह्यांच्या मांसात ते पाळीव कोल्ह्यांपेक्षा पुष्कळ जास्त असतं. मग जवळजवळ दीडशे वर्षांनी, १९९२ मध्ये, हॅरिस, सॉडरलुंड आणि हुल्टमन यांनी दाखवलं की ते खाल्लं की माणसाच्या स्नायूतला साठा खरोखर वाढतो. थोड्या सेकंदांच्या जोरदार कामाला तो उपयोगी पडतो, वारंवार फटके मारायला दम मिळतो. दिवसाला ३ ते ५ ग्रॅम पुरतं आणि डब्यांमध्ये हाच सगळ्यात स्वस्त. मांस उकळलं की क्रिएटिन पाण्यात उतरतं, त्यामुळे कोल्हापूरच्या अळणीतही ते थोडंफार होतंच. वस्तादांना नाव माहीत नव्हतं, एवढंच.

आता रिकव्हरी. नव्या व्यायामानंतर एक-दोन दिवसांनी जे अंग धरतं त्याचा पहिला नीट अभ्यास थिओडोर हफ यांनी १९०२ मध्ये केला. स्नायूतच बारीक इजा होत असावी हा त्यांचा अंदाज आजही मोठ्या प्रमाणात टिकून आहे. शरीर ती दुरुस्त करताना स्नायू जरा मजबूत करून ठेवतं. म्हणजे ती इजा हा बग नाही, फीचर आहे! म्हणूनच तिला पूर्ण दाबून टाकणं शहाणपणाचं नाही. २००९ मध्ये जर्मनीतल्या एका प्रयोगात व्यायाम करणाऱ्या तरुणांना 'क' आणि 'ई' जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या रोज दिल्या, तर व्यायामामुळे इन्सुलिनच्या कामात होणारी सुधारणाच अडली.

बीसीएएचं म्हणाल तर स्नायू बांधायला नऊ आवश्यक अमिनो आम्लं लागतात आणि डब्यात असतात तीन. विटा आहेत, सिमेंट-वाळू नाही. अख्खं प्रोटीन खाणाऱ्याला ती तीन त्यातच मिळतात. अश्वगंधाबद्दल २०१५ चा एक भारतीय प्रयोग नेहमी पुढे केला जातो. ५७ पुरुष, ८ आठवडे. अश्वगंधावाल्यांची बेंचप्रेस ४६ किलोंनी वाढली, नुसती नकली गोळी घेणाऱ्यांची २६ किलोंनी. आकडा दमदार आहे, पण माणसं थोडी आणि बहुतेक नवशिके. पुन्हा बघा, नकली गोळीवरही २६ किलो! आणि काही लोकांच्या यकृताला त्रास झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय साहित्यात आहेत, तेव्हा 'आयुर्वेदिक आहे, काही होत नाही' हे म्हणणं सोडून द्यावं.

इथवर प्रश्न पैशाचा होता. आता जरा जास्त गंभीर गोष्ट. डब्यावर लिहिलंय तेच आत आहे का?

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय तपासणीत १३ देशांतले ६३४ सप्लिमेंट तपासले गेले. त्यातल्या ९४ मध्ये लेबलवर न लिहिलेली स्टेरॉइड जातीची द्रव्यं सापडली. भारतात २०२४ मध्ये केरळच्या डॉ. सिरियॅक ॲबी फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी ३६ लोकप्रिय प्रोटीन पावडरी तपासल्या. सुमारे ७० टक्क्यांमध्ये प्रोटीनचा आकडा चुकीचा, काहींत तर लिहिलेल्याच्या निम्माच, आणि १४ टक्क्यांमध्ये बुरशीतून येणारं अफ्लाटॉक्सिन हे विष. त्याच वर्षी एनआयएनच्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांनी शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा असंच सांगितलं.

खुराकात हा प्रश्न नव्हता. बदाम डोळ्यांसमोर, दूध डोळ्यांसमोर, घोटणारा आपला जोडीदार. हा विश्वास मोडला की काय होतं त्याची गोष्ट २०१६ ची आहे.

नरसिंग यादव, मुंबईत वाढलेला पैलवान. २०११, २०१२ आणि २०१३ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी, म्हणजे १९६१ ला आपल्या शहरात सुरू झालेला तोच किताब. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ जिंकून त्याने रिओची जागा मिळवली. ऑलिम्पिकच्या तोंडावर, सोनीपतच्या शिबिरात, त्याच्या नमुन्यात सापडलं... मेथँडिएनोन. यॉर्कच्या लिफ्टरांचं तेच डायनाबॉल. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी ते मिसळलं असं त्याने सांगितलं. १ ऑगस्ट २०१६ ला नाडाने त्याला निर्दोष ठरवलं, जागतिक संस्थेने त्यावर दाद मागितली आणि १८ ऑगस्टला, त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. मिसळल्याचा दावा लवादाला पुराव्याअभावी पटला नाही.

त्यात खरं काय यावर कुस्तीच्या वर्तुळात आजही दोन तट आहेत. पण नियम स्पष्ट आहे: तुमच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी तुमची. कसं आलं हे सिद्ध करायचं काम तुमचं. जिल्हा पातळीवर खेळणाऱ्या, काउंटरवरचा स्वस्त डबा उचलणाऱ्या पोरालाही हाच नियम. त्याच्या मागे ना वकील, ना लवाद. म्हणून खेळणाऱ्याने प्रत्येक बॅच स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासलेलाच डबा घ्यावा, नाहीतर घेऊच नये. आणि जिममध्ये कोणी 'सायकल', 'इंजेक्शन' असं कुजबुजायला लागलं तर तिथून सरळ निघावं.

आपण आयटीवाले काही ऑलिम्पिकला जाणार नाही. आपली गळती वेगळीकडे आहे. रात्री दीडपर्यंत कॉल, पाच तास झोप, दुपारी कँटीनमधली पोळी-भाजी, आठवड्यात दोनदा जिम आणि वर महागडा डबा. सुखात्म्यांसारखं विचारा, नेमकं कमी काय पडतंय? बहुतेकांना झोप, मग नियमितपणा, मग ताट, आणि मग कुठे पावडर. एक आठवडा काय खातो ते कागदावर लिहून प्रोटीनची बेरीज करा. ११२ च्या जवळ असाल तर डबा आणूच नका. ५५-६० वर अडकला असाल तर आधी अंडी, दूध, वड्या, डाळ वाढवा, आणि तरी जमत नसेल तर स्कूप घ्या, लेबल तपासून. क्रिएटिन हवं तर घ्या, कॉफी तर पिताच. मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच नको.

असो. लेख लांबलाय, आणि उद्या रविवार. पैलवान ज्याला विश्रांती म्हणायचे त्यासाठी फुकटचा एक अख्खा दिवस हातात आहे, तो लॅपटॉपवर घालवू नका.